पदराची बातमी

ती बातमी मी चार ओळींत बसवली होती. शेलूबाजारच्या रस्त्यावरच्या एका डाळ मिलमध्ये पट्ट्यात पदर अडकून महिला कामगार जखमी, उजव्या हाताची दोन बोटे तुटली. माहिती मिलच्या मुनीमाने फोनवर दिली होती. ती मी तपासली नाही. ‘दुर्दैवी’ हा शब्द मात्र माझा.

बारा दिवसांनी ती बाई आमच्या कार्यालयात आली. हाताला पट्टी, सोबत नणंद, पिशवीत बातमीचं कात्रण. बसा म्हटलं तरी ती बसली नाही.

“हे तुमीच लिवलं ना, भाऊ?”

“हो.”

“मंग पदर अडकतानी तुमी पायला का?”

मी नाही म्हणालो.

“मिलमधी साऱ्या बाया लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतेत, बटनं लावून. मीबी घातला व्हता. शर्टाच्या आतला पदर पट्ट्यात जाईन कसा?”

नणंद म्हणाली, “हिचा पदर नाई अडकला. या पेपरवाल्यायची अक्कल अडकली.”

त्या कात्रणाचा उपयोग मुनीमाने केला होता. ते पुढे ठेवून त्याने तिला सांगितलं की पेपरातच आलं आहे, तुझीच चूक. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहिलेल्या कागदावर सही कर, मग निवडणीच्या कामावर परत घेतो. तिने सही केली नव्हती. कात्रण घेऊन ती थेट माझ्याकडे आली.

घडलं ते असं. फिरत्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असते, चार बोल्टांनी बसवलेली. खंडेनवमीला यंत्राची पूजा होते. हळदकुंकू जाळीला लावून चालत नाही, ते चाकालाच लागलं पाहिजे, म्हणून दरवर्षी त्या दिवशी जाळी काढतात. या वेळी काढलेली जाळी पोत्यांच्या थप्पीमागे गेली आणि तिथेच राहिली. पट्टा वारंवार उतरायचा. जाळी नसली की तो चढवायला सोपं. तीन आठवडे मिल तशीच चालली. खाली सांडलेली डाळ झाडायची, तीही यंत्र न थांबवता. त्या दिवशी पट्ट्याने आधी झाडू ओढला, मग हात.

मी मिलवर गेलो. मुनीम म्हणाला, “पूजेसाठी काढली होती साहेब. श्रद्धेचा विषय आहे. त्याले काय म्हन्ता?”

“पूजा किती दिवस चालली?”

“तुमी चहा घ्या.”

कायदा याबाबतीत गुंतागुंतीचा नाही. यंत्राच्या फिरत्या भागाला आडोसा करणं आणि तो जागेवर ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. आडोसा काढला तर तो परत बसेपर्यंत यंत्र बंद ठेवायचं. गंभीर दुखापत झाली तर कारखाना निरीक्षकाला कळवायचं. मिलने यातलं एकही केलं नव्हतं. कामगाराने पदर कसा घ्यावा, हा प्रश्न या सगळ्यानंतर येतो. मी तो पहिल्या ओळीत घेतला होता.

दुरुस्तीची बातमी पाठवली तेव्हा वरिष्ठांचा फोन आला. मिलची जाहिरात आपल्याकडे असते, खुलासा आतल्या पानावर दोन ओळींत देऊ, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, चूक ज्या पानावर आणि जेवढ्या जागेत छापली, तिथेच आणि तेवढ्याच जागेत दुरुस्ती जाईल. नाहीतर माझा राजीनामा छापा. ती छापून आली. जाहिरात बंद झाली.

बाईने लेखी तक्रार केली आणि निरीक्षक चौकशीला आले. मिलच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. मालक आणि मुनीम बसले, बाया उभ्या राहिल्या. मालक मायेने म्हणाला, “बाई आमच्या घरच्यासारखी आहे. चूक कोणाच्याही हातून होते.”

“हात माहा गेला,” ती म्हणाली. “चूक तुमच्या हातून झाली.”

मागून कोणीतरी हसलं. मुनीमाने वळून पाहिलं, पण एकही बाई मागे सरकली नाही.

निरीक्षकांनी तिचा जबाब लिहून वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, ‘यंत्रावर जाळी नव्हती.’

“थांबा साहेब. नव्हती कशी? व्हती. यायनं काढली अन् तीन आठवडे लावली नाई. तसं लिवा.”

“अर्थ एकच आहे, बाई.”

“एकच असन तं मी सांगतलेलंच लिवा.”

बाकीच्या बायांना त्यांनी विचारलं. पहिलीने हो म्हटलं, दुसरीने हो म्हटलं. तिसरी म्हणाली, “जाळी आताबी पोत्यामागंच हाय, चाला दाखवतो.” निरीक्षक उठले, जाळी पाहून आले आणि ते वाक्य खोडून त्यांनी तिचं वाक्य लिहिलं.

“अंगठा देता?”

“सही,” ती म्हणाली. पेन तिने डाव्या हातात घेतलं. त्या हाताची सवय नव्हती. एकेक अक्षर काढायला तिला बराच वेळ लागला. मालकाने दोनदा घड्याळ पाहिलं. तिने नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट.