ठिपके न जोडणाऱ्या काकू

"साहब, आख़िर में इसका बनेगा क्या?" गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने टेबलावरच्या ठिपक्यांच्या कागदाकडे बघत काकांना दबक्या आवाजात विचारलं. "बन चुका है, भैया," काका म्हणाले. तो रिकामं सिलिंडर उचलून निघाला, पण जिन्यापर्यंत मागे वळून वळून बघत होता.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंइतकं हट्टी माणूस साऱ्या फरीदाबादमध्ये नसेल. शहराभोवती नव्या सोसायट्या उगवत होत्या, घरोघरी केबल येत होती, आणि काकू जेवणाच्या टेबलावर मावणार नाही एवढ्या कागदावर काडेपेटीची काडी उलटी धरून काळ्या शाईचे ठिपके देत असायच्या. एकाशेजारी एक, ओळीखाली ओळ. दारात कोणीही येवो, "बस हं, एवढी ओळ होऊ दे," हेच स्वागत. त्या ओळीपायी वरण करपलं, दूध उतू गेलं, आणि पानिपतहून चादरी घेऊन आलेली सख्खी नणंद दाराबाहेर गठ्ठ्यावरच बसून राहिली. वीज गेली की कागद बाल्कनीत. मी तेव्हा कॉलेजात होते. कॉन्व्हेंटमुळे मराठी बोलायला बिचकायचे. काकूंकडे बोलावं लागत नसे म्हणून तिथे बरं वाटायचं. एकदा धीर करून म्हटलं, "काकू, सगळे सेमच आहेत ना?" "सेम? नीट बघ. हा दमलाय. हा आत्ताच चहा पिऊन आलाय. आणि हा तुझ्यासारखा, अंग चोरून बसलेला." बघितलं तर खरंच तसे दिसले. मग लांबून पाहिलं तर पाण्यावरून वारा जावा तसा अख्खा कागद हलत होता.

दिल्लीतल्या गॅलऱ्यांना मात्र तो हलताना दिसत नसे. काकू गुंडाळी काखेत मारून बसने जायच्या आणि दर वेळी तेच ऐकून यायच्या, "मॅडम, बीच में कुछ बना दीजिए. मोर, गणेशजी, कुछ भी." "कुछ भी बनवायचं नाही म्हणून तर हे करतेय," असं पुटपुटत पुन्हा काडी हातात. शेवटी एका गॅलरीच्या बाई स्वतः येऊन बघते म्हणाल्या. गणपतीचे दिवस होते. वर्षभर केलेला सगळ्यात मोठा कागद उलगडायला घरात जागा नव्हती, म्हणून काकूंनी तो सकाळीच सोसायटीच्या हॉलमध्ये जमिनीवर पसरून ठेवला.

दुपारी त्या बाईंना घेऊन आम्ही हॉलमध्ये शिरलो. सोसायटीतल्या साऱ्या मराठी बायका गणपतीपुढे गुडघ्यांवर बसलेल्या, कोपरापर्यंत रंगलेल्या. त्यांनी ठिपके जोडले होते. सगळे. कमळं, कासवं, मधोमध पिसारा फुलवलेला मोर, आत हळद आणि गुलाल. "सरप्राइज!" त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाई ओरडल्या. "म्हटलं, एवढे ठिपके घालून बिचारी दमली असेल, रांगोळी पुरी करून टाकू. बघ हो, एकसुद्धा ठिपका वाया घालवला नाही!"

काकूंनी मोराकडे पाहिलं, मग त्या बायकांच्या लाल झालेल्या गुडघ्यांकडे. "छान... छान झालंय हो," एवढंच त्या म्हणाल्या. तोवर गॅलरीच्या बाईंनी टाळी वाजवली होती. "वाह! अब आई ना जान! यही लगाऊँगी, आपके नाम से." सगळ्या जणी काकूंना मिठ्या मारायला लागल्या. इतकी वर्षं नाकारलेली गॅलरीची भिंत अशी समोर चालत आली होती, आणि तिच्यावर मोर होता.

काकू आता नागपूरला लेकीकडे असतात. बोटांत काडी धरवत नाही म्हणे. आठवण आली की मला त्या दुपारची त्यांची मान दिसते, होकारासाठी हलायला लागलेली. कागदापुढे एवढ्या हट्टी बाईला माणसांपुढे नाही म्हणणं कधी जमलं नाही. हॉलभर टाळ्या चालल्या होत्या, आणि सगळ्यांचे चेहरे अचानक माझ्याकडे वळले, तेव्हा कळलं की मोठ्याने बोलणारी मीच होते:

"नका देऊ, काकू. हे यांचं आहे. तुमचं याच्याखाली आहे."