फुलांच्या भाषेत नको

गेल्या वर्षी मुख्याध्यापिका बाईंनी मला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं. म्हणाल्या, "तिसरीच्या पोरांना ते चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवायचंय. पण अवयवांची नावं नका घेऊ हं. फुलं-बिलं वापरा."

"मग पोरं उद्या काय सांगणार, मोगऱ्याला हात लावला?"

मोठ्या बाईंनी पंखा वाढवला.

कांजूरमार्गच्या आमच्या शाळेत नाक-कान-डोळे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढतेय. मधले अवयव तेवढे देवाने चुकून बनवले असं वागणं मला जमत नाही. वर्गात गेले, माणूस काढला, सरळ नावं सांगितली. मागचे बाक खिदळले. "हसा, मला वेळ आहे," म्हटलं. कंटाळून थांबले.

मग सांगितलं, "नकोसा हात लागला तर ओरडायचं, पळायचं, मोठ्यांना सांगायचं. आणि 'आईला सांगू नको' म्हणणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी आईलाच सांगायचं."

मधल्या सुट्टीत वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी माझ्या टेबलाशी गुपचूप उभी राहिली.

"बाई, सर असले तरी?"

"कुठले सर गं?"

"ट्यूशनचे."

खाली बघत तिने थोडंसंच सांगितलं. मी खोदून विचारलं नाही. जिभेवर आलेली शिवी गिळली. "सांगितलंस ते झकास केलंस. तुझी काहीच चूक नाही."

ऑफिसात जाऊन सांगितलं, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "ट्यूशन बाहेरची ना? आपण कशाला पडायचं? शाळेची वाट लागेल."

"पोलिसांना कळवलं नाही तर आपली लागेल. कायदाच आहे तसा."

तुरुंगात खुर्ची मिळत नाही, हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनीच मुलीच्या आईला फोन लावला.

आई भांडुपच्या बाजारात मासे विकायची. तशीच ओल्या हातांनी आली. बाकावर बसून सगळं ऐकलं.

"मीच धाडली तिला तिथं, बाई."

"तुम्ही शिकायला धाडलीत. पाप त्याचं."

ती उठली. "चला."

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, "आधी मुलीच्या वडिलांना आणा."

"मासळी मी विकते, पोरगी मी वाढवते, तक्रार पण मीच देणार!" बाजारात कमावलेला तो आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला. महिला अधिकारी बाहेर आल्या आणि त्यांनी तक्रार लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी त्या साध्या कपड्यांत घरी जाऊन मुलीशी बोलल्या. सर आत गेले. मग त्याच ट्यूशनच्या आणखी दोन आया मला शोधत शाळेत आल्या. त्यांच्यासोबतही मी ठाण्यात गेले.

केस अजून चालू आहे. तारखेला आई बाजार सोडून कोर्टात जाते. मुलगी आता चौथीत आहे, गणितात ठार कच्ची. शाळा सुटल्यावर मीच तिला शिकवते, वर्गाचं दार सताड उघडं ठेवून. काल आठाचा पाढा विचारला तर पाय हलवत म्हणाली, "बाई, आज मूड नाय ना."

मला इतकं बरं वाटलं, की पाढा उद्यावर ढकलला.