चाक गोल होईपर्यंत

लोकांच्या लग्नांचे, वाढदिवसांचे व्हिडिओ जोडून देणं हा गोलकाकांचा धंदा, आणि चित्र ताणलेलं दिसलं की तळपायाची आग मस्तकात जाणं हा स्वभाव. टीव्ही कुणाचाही असो, ते आधी त्यात एखादी गोल वस्तू हुडकत. घड्याळ, चेंडू, ताटली, काहीही चालायचं. ती अंड्यासारखी दिसली की रिमोट त्यांच्या हातात, मग यजमान बसलेत का उभे आहेत हेही बघायचं नाही. जुनं चौकोनी चित्र नव्या रुंद टीव्हीवर ताणून बसवणं म्हणजे धाकट्याचा सदरा थोरल्याच्या अंगात कोंबणं, असं त्यांचं म्हणणं. आणि नीट बसवलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, त्या कुणाला नको असतात. "एवढा मोठा टीव्ही काय काळं बघायला घेतला?" म्हणून मेव्हण्यांनी त्यांच्याशी अबोला धरला होता, तो अजून सुटला नव्हता.

मुलीनं आपलं लग्न आपणच जमवलं. मुलाचे वडील, निवृत्त बसचालक, तेवढे "बघू" म्हणत होते. त्यांना भेटायला निघताना काकूंनी दारातच दम भरला.

"तिथं टीव्हीला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे."

"नाही लावत गं."

"घ्या माझी शपथ."

काकांनी घेतली.

चालकांच्या बैठकीत भिंतभर टीव्ही होता आणि तो चालू होता. "ही आमची मंडळी," चालक म्हणाले. "जाऊन वर्ष होईल आता. जुन्या कॅसेटवरून मुलानं उतरवून दिलंय, मी रोज लावतो." पडद्यावर एक बाई बसपुढे उभी राहून हसत होती. गाल फुगलेले, बस बुटकी, आणि बसचं चाक म्हणजे आडवं पाडलेलं अंडं.

गोलकाका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. चहा आला तरी हात बाहेर निघेनात.

"बरं नाही का?" चालकांनी विचारलं.

"तसं नाही. एक विचारू? तुमच्या बसची चाकं कशी होती हो?"

"कशी म्हणजे?"

"आकारानं."

मुलीनं कपाळावर हात मारून घेतला. होणारे जावई खिडकीबाहेर बघू लागले.

"गोल!" चालक कडाडले. "आख्खी नोकरी त्या बसवर केलीय मी!"

"मग हे बघा."

चालक उठले. टीव्हीला नाक लावून त्यांनी चाक बघितलं. त्यांचे कान लाल झाले. झालं, फिसकटलं सगळं, असं वाटून काकूंनी पर्स उचललीसुद्धा. तेवढ्यात चालकांनी रिमोट काकांपुढे धरला.

"करा गोल."

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"आता माझ्याकडे काय बघताय? करा!"

काकांनी दोनदा बटण दाबलं. बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, चाक गोल झालं, आणि त्याच्याशेजारी एक सडपातळ, उंच मानेची बाई उभी राहिली. हसताना तिची हनुवटी पुढे येत होती.

चालक पडद्यासमोरच खाली बसले. मग म्हणाले, "मला वाटायचं मीच विसरत चाललोय तिला. रोज बघायचो आणि रोज वाटायचं, ही दुसरीच कुणीतरी आहे. पण पोराला सांगायचं कसं?" त्यांनी बाहीनं डोळे पुसले. गोलकाकांनाही भरून आलं, पण चहाचा कप तोंडाला लावून त्यांनी वेळ मारून नेली.

"वडिलांना घेऊन दर रविवारी येत जा," चालक मुलीला म्हणाले. "अजून कॅसेटी आहेत. लग्नानंतर तर यावंच लागेल."

काकूंचा जीव भांड्यात पडला. तरी त्यांनी चाचरत विचारलंच, "त्या काळ्या पट्ट्या चालतील ना तुम्हाला?"

"असू द्यात," चालक पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "तिला तेवढीच जागा लागायची."