शेवटची दोन मिनिटं

थिएटरात सगळे त्यांना बॅटरीवाल्या मावशी म्हणत. अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्चीपर्यंत पोचवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. खुनी कोण, हे त्या मध्यंतराच्या आधीच सांगून मोकळ्या होत, आणि त्यांचं कधी चुकत नसे.

मग हा सिनेमा आला. एक आजारी म्हातारा, त्याची देखभाल करणारी नर्स, आणि एका सकाळी म्हातारा मेलेला. तिने मारलं की तो आपल्या मरणाने गेला? सिनेमा सांगतच नाही. प्रेक्षक खवळले. "शेवट करायला विसरले वाटतं," असं पुटपुटत बाहेर पडू लागले. चौथ्या दिवशी मॅनेजरने सांगून टाकलं, शुक्रवारी हा उतरवायचा.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, चांगला सिनेमा आहे हो. उतरवू नका."

"मावशी, लोकांना काही कळतच नाहीये त्यात."

"सगळं कळलंच पाहिजे असं कुठंय? माझा नवरा सव्वीस वर्षं माझ्याबरोबर राहिला, तो तरी मला कुठे कळला?"

मॅनेजर हसला, पण बधला नाही. ते हसणं मावशींना फार लागलं. घरी काय, दारी काय, तुम्हाला काय वाटतं असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. या सिनेमाने विचारलं होतं. त्याला असं हाकलून देणं त्यांना स्वतःचाच अपमान वाटत होता.

थिएटरची एक रीत होती. सिनेमा संपायच्या दोन मिनिटं आधी मावशी दारं सताड उघडत, म्हणजे गर्दी चटकन बाहेर पडे आणि पुढच्या खेळाआधी झाडलोट उरके. एरवी तोवर पडद्यावर नायक-नायिका गळ्यात गळे घालून उभी असत, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नसे. बुधवारी दुपारी मात्र दाराची कडी अडकली. तिच्याशी झटापट करता करता मावशींनी मान वळवली आणि तशाच थबकल्या. काळोख्या खोलीत नर्स एकटी बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत होतं. हसू की रडू, ठरवता येईना. रोज दार उघडलं की बाहेरच्या उजेडात हे सगळं पुसलं जात होतं. म्हणजे सिनेमाचा शेवट मावशींनीच खाल्ला होता.

त्या तडक मॅनेजरकडे गेल्या. चूक कबूल केली आणि वर दमही दिला. "उद्या दारं मी उघडणार नाही. तुम्ही आत बसून बघा. नाही पटलं तर पोस्टर मी स्वतः उतरवते."

गुरुवारी दारं बंद राहिली. दिवे लागले तरी कुणी उठेना. मग एकदम गलका झाला. नवरा-बायको खुर्चीतच हुज्जत घालू लागले, अनोळखी माणसं एकमेकांना पटवू लागली, तिघे-चौघे पुढच्या खेळाच्या तिकिटासाठी खिडकीकडे पळाले. मावशी झाडू घेऊन दारात उभ्या होत्या. झाडायला वीतभर जागा मिळत नव्हती, आणि त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता.

तेवढ्यात मॅनेजर आणि मशीनवरचा ऑपरेटर भांडत भांडतच त्यांच्यापाशी आले.

"तिनेच मारलं," मॅनेजर म्हणाला.

"काहीतरीच काय. रडत होती ती," ऑपरेटर म्हणाला.

"मावशी, तुम्हीच सांगा बरं. तुम्हाला काय वाटतं?"

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "शेवट माझाही दोनदाच बघून झालाय, साहेब. अजून आठवडाभर ठेवा, मग सांगते."