नारपोलीचा शुक्रवार आणि माझा काळा पट्टा

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अधूनमधून खालच्या हॉलच्या दारात यायचे आणि विचारायचे, “ताई, आवाज जरा कमी होईल का?” आवाज माझाच असायचा. नाशिकच्या या हॉलमध्ये मी अकरा पोरींना तायक्वांदो शिकवते. विमा एजंट असल्यामुळे दिवसभर लोकांना पटवण्यात घसा जातो आणि उरलासुरला संध्याकाळी पोरींवर निघायचा. बोलणं हाच हिचा धंदा आणि हाच हिचा छंद, असं घरचे म्हणतात. त्यांचं ऐकून घ्यायला मला वेळ नसतो.

तर झालं असं की आमचे सर बदली होऊन नागपूरला गेले आणि जाताना क्लास माझ्या गळ्यात घालून गेले. माझा पट्टा तेव्हा लाल, म्हणजे काळ्याच्या एक पायरी खाली. लाल पट्टेवाल्याला शिकवता येतं, पण पोरींना वरच्या पट्ट्याच्या परीक्षेला बसवता येत नाही. पोरी तयार होत्या आणि वर्षभर त्याच रंगावर अडकून पडल्या होत्या. शेवटी दोघीतिघींच्या आया येऊन गोड आवाजात सांगून गेल्या, की दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर पोरींना दुसरीकडे घालू. दोघीतिघी गेल्या की बाकीच्याही जातात, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. मी सरांना फोन लावला.

“भिवंडीला जा,” सर म्हणाले. “वैशाली मॅडमकडे. ती पटकन पट्टा देत नाही, पण तिनं दिलेल्या पट्ट्याला कुणी नावं ठेवत नाही.”

नवरा म्हणाला, “लोक यासाठी कोरियाला जातात, आणि तू भिवंडीला.” मी बॅग भरायला घेतली.

गुरुवारी सकाळी लवकरची एसटी धरली. ज्यांना या रस्त्यानं जायचंय त्यांच्यासाठी सांगते: खिडकी डावीकडची घ्या, कसारा घाट उतरताना सोनं होतं. घाट संपला की मात्र सोनं संपतं, कारण रस्ता रुंद करायचं काम चालू आहे आणि शहापूरपासून पुढे बस धुळीतून पोहत जाते. पडघ्याला गाडी टेकली तेव्हा माझ्या केसांचा रंग बदलला होता. तिथला वडापाव खा, पण चटणी आधी बोटानं चाखून बघा. मी तशीच खाल्ली आणि पुढचा अर्धा तास गप्प होते. पडघ्याच्या पुढे शेतं आणि गोडाऊन आळीपाळीनं दिसतात आणि भिवंडी जवळ येईल तशी शेतं मागे पडतात. मुंबईची बस गावात शिरत नाही, त्यामुळे राजनोली नाक्यालाच उतरायचं आणि शेअर रिक्षानं नारपोली गाठायची. दोन रिक्षा बदलाव्या लागतात, पण वीस रुपयांत काम होतं.

नारपोली दिसायच्या आधी ऐकू येते. यंत्रमाग नाहीत अशी एकही गल्ली नाही. इथे कुणी यंत्रमाग म्हणत नाही, लूम म्हणतात. खटाक-खट, खटाक-खट, असा तो आवाज भिंतीतून येतो, जमिनीतून येतो आणि थोड्या वेळानं आपल्या दातांतून यायला लागतो. रिक्षावाल्याला मी “इथेच थांबवा” म्हटलं ते त्याला पुढच्या वळणावर ऐकू गेलं.

वैशाली मॅडमचा क्लास एका लूम कारखान्याच्या वरच्या मजल्यावर भरतो. कारखान्याचे मालक शफीकभाई. त्यांच्या दोन्ही मुली इथेच शिकल्या म्हणून हॉल त्यांनी क्लासला देऊन टाकलाय. वर गेले तर पस्तीसेक मुलं-मुली रांगेत उभी. विणकरांच्या मुली सलवारीवर डोबॉक, म्हणजे तायक्वांदोचा पांढरा सदरा, घालून, शाळामास्तरांची मुलं, पूर्णा गावातली आगऱ्यांची पोरं, सगळी एकाच रांगेत आणि पट्ट्याच्या क्रमानं. पुढे मॅडम: माझ्याच वयाच्या, सडपातळ, शाळेतल्या क्लार्कसारखा चष्मा. त्यांनी एक शब्दही न बोलता उजवी टाच जमिनीवर आपटली आणि पस्तीस पाय एकदम फिरले. मी पोरींना एक वळण घ्यायला सांगायचे तेव्हा अकरा पोरी अकरा वेळा फिरायच्या.

क्लास सुटल्यावर मॅडमनी मला खिडकीपाशी नेलं आणि कानाशी येऊन नियम सांगितला. काळ्या पट्ट्याची नेहमीची परीक्षा तर होणारच: पुमसे, लढत, फळी फोडणं. पण त्याआधी एका पूर्ण नवख्या माणसाला पहिला पुमसे, म्हणजे ठोशा-लाथांचा ठरलेला पहिला क्रम, निदान अर्धा शिकवायचा. उद्या तो माणूस परीक्षकांसमोर एकटा करून दाखवणार. तो करत असताना मी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही. तो चुकला तर माझा पट्टा गेला.

“माझा काय दोष त्यात?” मी विचारलं.

“आपला पट्टा आपल्या पायांवरून नाही, शिकवलेल्या पायांवरून मोजतात. इथे तरी,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी मागे चटईवर बसलेल्या एका बाईंकडे बोट दाखवलं. “या हिराकाकू. यांना शिकवा.”

पूर्ण्याच्या हिराकाकू पंचावन्नच्या पुढच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या, हातात सोन्याच्या पाटल्या. त्यांच्या भाताच्या शेतावर आता मोठं गोडाऊन आहे. घरी करायला काही उरलं नाही म्हणून रोज नातीला क्लासला आणतात आणि तास संपेपर्यंत बसून राहतात. बोट आपल्याकडे आलेलं पाहून त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

“मना कशाला गं बाय?” काकू म्हणाल्या. “माजं गुडगं हायत का न्हायत ते बी मना कलत न्हाय.”

मी समजावायला सुरुवात केली. विमा विकताना लागतं तसं सगळं वापरलं: आधी स्तुती, मग फायदे, मग अगदी सोप्या भाषेत पायऱ्या. काकू मान डोलवत होत्या. पंधरा मिनिटांनी मी विचारलं, “कळलं ना?”

“तुजं त्वांड हालतंय, तेवडं दिसतंय,” काकू म्हणाल्या.

लूमपुढे माझा आवाज काकूंपर्यंत पोचतच नव्हता. मी आणखी ओरडले, घसा बसला, खोकले. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कवडीमोल झालं होतं आणि मला चक्क रडू येत होतं. काकूंनी डबा उघडून तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पुढे केलं. दोघी गप्प बसून जेवलो. अशी भाकरी नाशकात मिळत नाही. कुणाच्या ओळखीनं पूर्ण्यात जेवायचा योग आला तर नाही म्हणू नका.

जेवताना लक्षात आलं की काकूंची मान हलतेय. खटाक, मान खाली. खट, मान वर. त्यांनाही ते माहीत नव्हतं. मी उठले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि तोंड बंद ठेवून खटाकवर डावा पाय वळवला, खटवर हात खाली आणून रोखला. काकू उठल्या आणि त्यांनी तसंच केलं. पुढच्या खटाकला पाऊल पुढे, खटला ठोसा. नातीला रोज पाहून काकूंच्या डोळ्यांत सगळं होतंच, पायात उतरायचं बाकी होतं. संध्याकाळपर्यंत पहिली वळणं आणि शेवटचा आरोळीसकटचा ठोसा त्या लूमच्या तालावर अचूक मारत होत्या. मी स्वतःवर इतकी खूश होते की जिना उतरताना नवऱ्याला फोन करून टाकला: पट्टा आलाच समज.

खाली शफीकभाई भेटले. “मैडम, कल आराम से करना,” ते म्हणाले. “कल जुम्मा है. लूम बंद. सुई गिरेगी तो भी आवाज आएगी.”

मी जिन्याचा कठडा धरला. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नाशिकच्या विमा एजंटला माहीत नव्हतं. काकू तोवर नातीला घेऊन पूर्ण्याच्या रिक्षात बसून गेल्या होत्या.

मुक्काम मॅडमच्या घरी होता. त्यांनी वाढता वाढता शांतपणे सांगितलं, “परीक्षा मी शुक्रवारीच ठेवते. इथली पोरं लूमच्या तालावर पाय टाकायला शिकतात, त्यांना कळतही नाही. शुक्रवारी पाय पडला तरच तो त्यांचा.”

“काकूंचा नाही पडणार,” मी म्हटलं.

“बघू या,” त्या म्हणाल्या आणि आमटी वाढली.

शुक्रवारी सकाळी नारपोली ओळखू येईना. कुकरच्या शिट्ट्या, कावळे, कुणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या, सगळं स्पष्ट. शहर बघायचं तर गुरुवारी या आणि ऐकायचं तर शुक्रवारी. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहात बुडवून मऊ पाव खाल्ला, चांगला होता म्हणे. मला चव कळली नाही.

माझे पुमसे झाले, बरे झाले. लढतीला शफीकभाईंची धाकटी मुलगी होती. तिनं आदरानं वाकून नमस्कार केला आणि तितक्याच आदरानं मला तीन वेळा लोळवलं, पण चौथ्यांदा मी तिच्या छातीच्या पॅडवर अशी लाथ दिली की पोरांनी टाळ्या वाजवल्या. फळी पहिल्या फटक्यात तुटली. मग मॅडमनी मला भिंतीकडे वळायला सांगितलं.

भिंतीवर एक पाल होती. मी आणि पाल, एकमेकींकडे बघत. मागून मॅडमचा आवाज आला, “जुनबी,” म्हणजे तयार. मग काही नाही. मोजता येणार नाही इतका वेळ काही नाही. काकूंच्या पाटल्या किणकिणल्या, म्हणजे हात वर गेले होते आणि तिथेच थांबले होते. मला वळून एकदा, फक्त एकदा टाच आपटायची होती. माझ्या डोळ्यांसमोर आमचा हॉल आला, रिकामा, दाराला कुलूप. मी नखं तळहातात रुतवली.

आणि मग मागून ऐकू आलं, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं:

“खटाक.”

पाऊल वळल्याचा आवाज.

“खट.”

नऊवारीची सळसळ, हात खाली.

“खटाक... खट... खटाक... खट...” आवाज मोठा होत गेला, पाय ठाम पडत गेले. सुई पडली तरी ऐकू येईल अशा त्या हॉलमध्ये मला प्रत्येक पाऊल कळत होतं, आणि प्रत्येक जिथे पडायला हवं तिथे पडत होतं. शेवटच्या ठोशाला काकूंनी खाडीच्या पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारावी तशी आरोळी दिली. पाल पळाली.

ठाण्याहून आलेले परीक्षक घसा खाकरून म्हणाले, “पण परीक्षेत बोलायचं नाही ना?”

“शिकवणाऱ्यानं बोलायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “शिकणाऱ्याच्या तोंडाला मी कधी कुलूप घातलं नाही. पाय चुकला का एकदा तरी?”

परीक्षकांनी मान हलवली. नाही चुकला.

मी वळले. काकू घामाघूम, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं, आणि हसू असं की मला काही दिसेनासं झालं. मी रडत होते, ते लपवायच्या भानगडीत पडले नाही. या क्लासमध्ये काळा पट्टा मॅडम बांधत नाहीत. ज्याला शिकवलं तो बांधतो. काकूंनी पट्टा माझ्या कमरेभोवती दोनदा घेतला आणि काष्टा खोचणाऱ्या हातांनी अशी गाठ आवळली की माझा श्वास अडकला.

“काकू, तुमचा पाय थांबला होता ना?” मी विचारलं.

“थांबला व्हता,” त्या म्हणाल्या. “मंग म्हटलं, कारखाना बंद हाय तर हाय. आपुन चालू करावा.”

दुपारी शफीकभाईंच्या घरून बिर्याणीची देग आली आणि सगळा क्लास पट्ट्यांचा क्रम विसरून एका चटईवर बसला. परतीची बस राजनोली नाक्यावर उभ्यानं मिळाली, उभ्यानंच घाट चढले. बॅगेत पट्टा होता, पाय दुखत होते आणि कंडक्टरलाही मी सगळी गोष्ट सांगितली. त्यानं विमा मात्र घेतला नाही.

घरी येऊन काय उरलं, असं लोक विचारतात. फोटो दोनच, तेही हललेले. ती गाठ सोडवायला नवऱ्याला पकड आणावी लागणार होती, म्हणून मी तो पट्टा डोक्यावरून चढवते आणि डोक्यावरूनच उतरवते. सुटलेली मला नकोच आहे. क्लासमध्ये मी आता टाच आपटते आणि गप्प राहते. पहिले काही दिवस पोरींना वाटलं मी आजारी आहे. मग त्या एकमेकींचे पाय ऐकायला लागल्या.

काल संध्याकाळी हॉलचं दार हळूच उघडलं. सेक्रेटरी चष्मा सावरत आत डोकावले, चेहरा काळजीचा. आवाज येत नाही म्हणून खास बघायला आले होते.

“ताई,” ते म्हणाले, “क्लास बंद पडला की काय?”

मी टाच आपटली. अकरा पोरी पहिल्या पुमसेच्या शेवटच्या पावलावर होत्या. अकराही पाय एकदम पडले, अकरा ठोसे एकदम गेले, आणि जी आरोळी उठली तिच्या धक्क्यानं सेक्रेटरी दाराबाहेर गेले.