नासिर मिस्त्रीची सही

भोकरच्या बसस्टँडमागं नासिर मिस्त्रीचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारीतली काळी तार उपसायची आणि नवी भरायची, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. या माणसाच्या तोंडी कुणी लागत नाही. मोटार उघडली की तो आधी आधीच्या मिस्त्रीचा उद्धार करतो, मग पाना हातात घेतो. पण एकदा तो "घेऊन जा, चालंल" म्हणाला की शेतकरी निमूट मोटार उचलतो.

असल्या माणसाला एका संस्थेनं मास्तर केलं. खेड्यातल्या तरुणांना हुन्नर शिकवून पायावर उभं करायचं म्हणे. उभं केलं ते बॅनरपुढं! चाळीस जणांना निळे टी-शर्ट मिळाले, टोप्या मिळाल्या, रोज पोहे मिळाले. मोटार मिळाली एकच, तीही पिवळा रंग मारलेली. सकाळी तीत तार भरायची, दुपारी फोटो काढायचा, संध्याकाळी तार उपसायची. करंट लावायला मनाई, कारण नियमात बसत नव्हतं.

"मग हिला मुंडावळ्या बांधा अन् बोहल्यावर चढवा," नासिर म्हणाला. हळद लागलेलीच होती.

पोरांची तऱ्हाही तीच. मोटार उघडली की आधी जुन्या तारेचे फेरे मोजायचे आणि मगच ती उपसायची, म्हणजे नवी तेवढ्याच फेऱ्यांची भरता येते, हे या धंद्यातलं पहिलं अक्षर. शेतकरी भुजंगरावांचा पोरगा वैजनाथ सगळी तार उपसून झाल्यावर विचारायचा, "सर, फेरे किती होते?" हा सवाल त्यानं तीन महिने विचारला.

शिकली एकटी पुनम. वर्ग सुटला की ती नासिरच्या दुकानात बसायची, फेरे मोजून वहीत उतरवायची. एक दिवस तिनं खरीखुरी जळालेली मोटार भरली आणि करंट लावून चालवली. नासिर तासभर हात लावून, तापते का ते बघत राहिला. शिवी द्यायला काहीच सापडेना, म्हणून त्यानं तिच्यासाठी चहा मागवला.

शेवटच्या दिवशी संस्थेचे सत्यम सर चाळीस प्रमाणपत्रं घेऊन सहीला आले.

"एकीवर करतो," नासिर म्हणाला. "बाकीच्यांना बल्ब बी बदलता येत न्हाई."

"नासिरभाई, पास झाली तर अख्खी बॅच. नाहीतर त्या पुनमलाही काही मिळणार नाही."

पुनमनं गावच्या फाट्यावर टपरी बघून ठेवली होती. कागद हातात आल्याशिवाय घरचे ती उघडू देणार नव्हते. नासिरनं मनातल्या मनात सरांच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि चाळीस सह्या ठोकल्या.

महिन्याभरानं तो पेढे घेऊन फाट्यावर गेला. टपरीत प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. पुढ्यात भुजंगराव उभे होते, मोटरसायकलला जळालेली मोटार बांधून. ते फ्रेमकडं बघत होते.

"हिच्याकडं टाका. हात लई साफ हाय हिचा," नासिर म्हणाला.

"मिस्त्री, हीच सही आमच्या वैजनाथच्या कागदावर हाय. ही मोटार त्यानंच भरली व्हती. दोन तासांत धूर."

"ही तशी न्हाई. मी सांगून राहिलो ना!"

"तवाबी तुम्हीच सांगितलं व्हतं की. लिहून."

भुजंगरावांनी किक मारली आणि मोटार नांदेडला नेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. आणि काडी लावणारा पेढ्यांचा पुडा धरून उभा होता.

पुनमनं फ्रेम उतरवली, कागद बाहेर काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"मामू, सही खोडा."

"अगं, मग कागदाला काय किंमत राहिली?"

"माझा कागद त्येंच्यापेक्षा येगळा तर दिसंल."

नासिरनं खिशातून पेन काढलं. संस्थेसाठी, सत्यम सरांसाठी, वैजनाथसाठी त्याच्याकडं शिव्या भरपूर होत्या. पण सही त्याची एकट्याची होती. त्यानं ती खोडली.