शिकून राह्यली

पुण्याहून आलेल्या त्या बाईंचा मला पहिल्याच वाक्याला राग आला, आणि राग आला की मला फार मजा येते. मेहकरच्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये शिरताच त्या म्हणाल्या, "सर, इथला पंखा फक्त आवाजापुरताच आहे का?" होता, पण ते मी म्हणायचं, त्यांनी नव्हे!

त्यांच्या संस्थेचं वसतिगृह आमच्या गावात निघालं होतं. गरीब घरच्या मुलींना फुकट राहणं-जेवण. अट एकच, मुलीचं शिक्षण चालू हवं. मुलाखती बाई घेणार, माझ्याकडे चहा-समोशांचं खातं. त्यामुळे सकाळच्या मुली आल्या-गेल्या तेव्हा मी समोसेवाल्याशी भांडत होतो.

परतलो तर बाईंसमोर माझी जुनी विद्यार्थिनी. लोणारपलीकडच्या खेड्यातली, आईबाप मजुरीला. एसटी आली तर कॉलेज, नाही आली तर घर. बापाने बजावलं होतं, इथे जागा मिळाली तर शीक, नाहीतर कॉलेज बंद.

"सध्या काय करतेस?"

"शिकून राह्यली, मॅडम."

"म्हणजे शिकून घरी राहिलीस. सॉरी बाळा, आम्हाला शिकत असलेल्या मुली हव्यात."

"घरी काऊन राहीन? शिकून राह्यली ना मी!"

"तेच म्हणतेय मी. नेक्स्ट!"

मी विंगेतून यावं तसा पुढे झालो. "बाई, आत्ता तुम्ही काय करताय?"

"समोसा खातेय."

"आमच्याकडे याला 'खाऊन राह्यल्या' म्हणतात. खाणं चालू आहे, हनुवटीवर चटणी आहे."

बाई लाल झाल्या. "यांना नीट मराठी येत नाही, हा काय माझा दोष?"

"छे! तुम्हालाही येत नाही, त्यात तुमचा तरी काय दोष?"

मी अजून रंगणार, तेवढ्यात पोरगीच माझ्यावर खेकसली, "सर, तुम्ही काऊन भांडून राह्यले? जागा मले पायजे, तुमाले नाही." मग बाईंकडे वळून, धडा वाचावा तसं, "मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे."

"मग आधीच असं का नाही बोललीस?"

"तुम्ही मले विचारलं होतं, पुस्तकाले नाही."

चटणी पुसत बाई कशाबशा म्हणाल्या, "ठीक आहे, मिळाली जागा." पोरगी हलेना.

"आता काय?"

"सकाळच्या पोरीबी शिकूनच राह्यल्या होत्या. त्यायले तुम्ही वापस पाठवलं."

"त्या गेल्या आता."

"कुठी गेल्या? स्टँडवर बसून राह्यल्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. अर्थ विचारायची आता त्यांची छाती नव्हती. मी तोंड उघडणार, तर पोरीने मला दाराकडे ढकललं. "पळा ना सर, लोणारची गाडी सुटून राह्यली!"

पुण्याच्या कानाला वाटलं असतं, सुटली, आता कशाला पळायचं. मी पळालो. गाडी अजून स्टँडवरच होती, मुली खिडकीतच होत्या.